शेंडेबाई आणि कोरं कापड

थंडीत, वाऱ्यात, ओल्या अंगानं कपडे बदलायचे असतील तर आधी डोकं पुसायचं, मग छाती, सगळ्यात शेवटी पाय. ओल्यावर कोरडं कधी चढवायचं नाही. दोन्ही ओलं होतं. मोज्यांत आधीच शंखजिऱ्याची पूड टाकून ठेवायची, म्हणजे ओला पाय अडत नाही. सलवारीचे पाय चुण्या करून गोळा करून ठेवायचे. बांगडी चढते तसं पाऊल एकदम आत गेलं पाहिजे.

परवा माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. ती कॉलेजातर्फे ट्रायथलॉनला उतरणार आहे. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, आणि तेही ऐन थंडीत. "मावशी, तुझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात. पाण्यातून वर आल्यावर काय काय लागेल, सांग ना," म्हणाली. मी कागद ओढून लिहायला बसले. वरच्या चार ओळी झाल्या आणि लक्षात आलं, की हे सगळं मी शेंडेबाईंच्या आवाजात लिहिते आहे.

सत्तरच्या दशकात मी सोलापूरला मुलींच्या एका शाळेत गणित शिकवत होते. नोकरी नवी, वय लहान, लग्न व्हायचं होतं. शेंडेबाई तिथं ड्रिल शिकवत. पन्नाशीच्या, उंच, हडकुळ्या. अंगावर नऊवारी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, कमरेला खोचलेल्या रुमालात सेफ्टी पिनांचा झुबका. कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू. त्या करमाळा तालुक्यातल्या केमच्या, आणि केमला कुंकू बनतं. कुणी कुंकवाच्या आकाराबद्दल काही म्हटलं, तर त्या म्हणत, "आमच्या गावचं आहे. कमी कशाला लावू?" यजमान रेल्वेत होते, कायम दुसऱ्याच कुठल्या तरी स्टेशनावर. मूलबाळ नव्हतं.

वर्गासमोर बाई अगदी पुस्तकी मराठी बोलत. "मुलींनो, हस्त सरळ ठेवावेत." पण रागावल्या किंवा घाबरल्या की केमची भाषा बाहेर पडे. त्यामुळे मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनही आम्हाला कळायचं, की आता प्रकरण गंभीर आहे. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं होतं. सहलीच्या डब्यांची यादी करताना त्यांनी मला पाहिलं, आणि तेव्हापासून शाळेभर हाक सुरू झाली, "ए यादी, इकडं ये."

सोलापूरला थंडी म्हणजे पाहुणी. वर्षभर उन्हात भाजून निघणाऱ्या माणसाला ती सोसत नाही. पौषात गार वारा सुटला की सगळं गाव अपमान झाल्यासारखं तोंड करून हिंडतं. सकाळच्या प्रार्थनेला मुली काखेत हात घालून उभ्या राहत. बाई त्यांना आधी मैदानाला फेरी मारायला लावत, मग स्वेटर काढू देत, आणि थांबलं की लगेच पुन्हा घालायला लावत. ज्यांच्याकडे स्वेटरच नव्हता, त्यांच्यासाठी बाईंकडे जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असे. एकेका मुलीच्या पोलक्याच्या आत छातीवर कागद सरकवत त्या सांगत, "वारा हितं आला की वाचत बसतो. आत येत नाही."

कपड्यांबद्दल त्यांचं एकच सूत्र होतं. "अंगावर काय आहे हे विसरता आलं, की कपडा जमला." त्या सूत्रात त्यांची नऊवारी चपखल बसायची. एकदा तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, की व्यायाम शिकवणाऱ्या शिक्षिकेनं जरा आधुनिक पोशाख करावा. साहेबांच्या अंगावर कोट आणि टाय होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही या कोटात एक बैठक मारून दाखवा. उद्यापासून मी पॅन्ट घालते." मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. साहेबांनी शेरा चांगला लिहिला.

पद्माचं प्रकरण सुरू झालं ते हिप्परग्याच्या तलावावरच्या सहलीत. शाळेचा एकुलता एक व्हॉलीबॉल वाऱ्यानं पाण्यात गेला आणि बघता बघता आत आत जायला लागला. बाई काठावरून ओरडत होत्या, जणू बॉल ऐकणार आहे. तेवढ्यात एक मुलगी युनिफॉर्मसकट पाण्यात शिरली, सरळ हात मारत गेली आणि बॉल घेऊन आली. पद्मा येमूल. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकराची मुलगी, अंगानं काटक, वर्गात गप्प. आजोळच्या विहिरीत पोहायला शिकलेली.

बाईंनी आधी तिला ओल्या कपड्यांवरून यथेच्छ झापलं. झापता झापताच आपल्या खांद्यावरची शाल तिच्या डोक्यावर घालून खसाखसा पुसलं. मग विचारलं, "सायकल येती का गं?"

"येती बाई."

"पळतीस तर मी बघितलंयच," बाई म्हणाल्या, आणि परत येताना गाडीत बोटांवर काहीतरी मोजत बसल्या.

ट्रायथलॉन हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. पण गावातल्या तालमींनी मिळून मुलांसाठी एक 'तिहेरी शर्यत' सुरू केली होती. त्याच तलावात पोहायचं, तुळजापूर रस्त्यानं सायकल मारून परत यायचं, आणि मग तलावाच्या बांधावरून धावायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींची वेगळी शर्यत ठेवली होती. दिवस ठरला होता संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरचा, म्हणजे भर थंडीतला. बाईंनी पद्माचं नाव देऊन टाकलं, आणि मग तिच्या वडिलांना विचारायला गेल्या. मला बरोबर नेलं.

मल्लेशम येमूल मागावर बसले होते. घर म्हणजे मागच. उरलेल्या जागेत माणसं. खटखटाटात बाईंना ओरडून बोलावं लागत होतं.

"पोरगी चांगली पोहते तुमची."

"माहीत हाय की."

"शर्यतीत उतरवायची म्हणते."

माग चालूच राहिला. बाई पुन्हा तेच ओरडल्या. मग मल्लेशमनी माग थांबवला, आणि त्या शांततेत मला एकदम धाकधूक वाटायला लागली. पद्माची आई नरसव्वा चुलीपाशी उभी होती. ती तेलुगूत काहीतरी बोलली. मल्लेशमनी हातानंच तिला थांबवलं.

"बाई, पोरगी पळती, सायकल मारती. मी काय बोललो का? पण पानी? गावासमोर ओल्या कपड्यात? तिला सोयरीक आलीया. तुम्ही म्हणला मॅट्रिक होऊ द्या, म्हणून मी थांबवून ठेवलंय. पोराकडचे हे ऐकून गप बसतील का?"

"शर्यत मुलींची आहे, मल्लेशम."

"बघनारे गडीच असतेत की."

बाईंनी दाराकडं बघितलं. पद्मा दारामागं होती. तिचा नुसता हात दिसत होता, कडी घट्ट धरलेला.

शेवटी मल्लेशम म्हणाले, "ओल्या कपड्यात माझी पोरगी एका जरी मानसाला दिसली, तर दुसऱ्या दिवसापासनं शाळा बंद. सोयरिकीला हो म्हनून टाकतो. मान्य हाय?"

"दिसली तर मी स्वतः तिला घरी आणून सोडीन. पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही," बाई म्हणाल्या. "माझा शब्द."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "बाई, पाण्यातून निघून सायकलवर बसायचं आणि ओलं दिसायचं नाही, हे कसं जमणार?"

"जमवायला लागंल," बाई म्हणाल्या. मराठी पुस्तकी नव्हती, त्यावरून मला कळलं की त्याही घाबरल्या आहेत. "पोहणं, पळणं तिच्या हातात हाय. आपल्या हातात नुसते कपडे."

त्यानंतर शाळेच्या मागच्या नळापाशी जे सुरू झालं, ते बघायला शिपाईसुद्धा टिकत नसत. बाईंनी वसतिगृहातून चादरी मागून आणल्या. आपल्या सोलापुरी, जाड. त्या एकमेकींना पिनांनी जोडून गोल केला, आणि तो धरायला आम्ही चौघी शिक्षिका, तोंडं बाहेर करून. आत पद्मा आणि बाई. बाई तिच्या अंगावर नळाचं गार पाणी बादलीनं ओतत आणि म्हणत, "हं, आलीस तलावातनं!" मग आतून झटापटीचा आवाज येई. पद्मा कुडकुडत बाहेर आली, की सलवार-कमीज, स्वेटर, छातीवर कागद, गड्ड्यावरून आणलेली कानटोपी, सगळं अंगावर असे. बाई तिच्याभोवती फिरून बघत. कुठं ओल फुटलेली दिसली, की पुन्हा बादली.

मोठ्या बाई एकदा खिडकीतून ओरडल्या, "शेंडेबाई, अहो मुलगी आजारी पडेल!"

"पडू दे आज! शर्यतीला पडायला नको!"

पाण्यात घालायला बाईंनी ड्रिलचा जुना गणवेश कापून एक जोडी केली होती. बिनबाह्यांचं पोलकं आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. चड्डीला नाडी नाही, इलॅस्टिक. नाडीवर त्यांचा राग होता. "गारठलेली बोटं आणि ओली नाडी, देव आठवतो." आणि शर्यतीच्या दिवशी अंगाला नवीन काहीही लावायचं नाही, हा दुसरा नियम. पद्मासाठी एका शिक्षिकेनं हौसेनं नवे बूट आणले होते. बाईंनी ते तिला परत करायला लावले. जे घालून सराव केला, तेच घालायचं.

सराव होत गेला तसे बाईंच्या कपाळावरचे आठ्यांचे पट्टे कमी व्हायला लागले. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी नरसव्वा शाळेत आली.

तिनं पदराखालून एक पुडकं काढलं. आत निळ्या, गडद कापडाची जोडी होती. हातानं शिवलेली, बारीक टाक्यांची. पोलक्याला कोपरापर्यंत बाह्या. चड्डीला नाडी. खालच्या काठाला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं.

"त्यांनी सोता विणलं," नरसव्वा म्हणाली. "घट्ट विणलं. भिजलं तर आरपार दिसू नये. उद्या हेच घालायचं, म्हनले."

बाईंनी कापडावरून हात फिरवला. ज्या माणसानं माग थांबवून अट घातली होती, त्यानं त्याच मागावर मुलीसाठी कापड काढलं होतं. बाईंनी ती जोडी कपाळाला लावली.

नरसव्वा गेल्यावर मी म्हटलं, "बाई, नाडी आहे. इलॅस्टिक घालून देऊ का?"

"कुंकू लावलेल्या कापडाला आता सुई लावायची न्हाय."

"मग जुनंच घालू दे की आत, वरून—"

"यादी," बाई म्हणाल्या, "बापानं विणलंय. कोरं कापड हाय. आधी अंगाला लागू दे, मग काय ते पाण्याचं."

यात मलाही वावगं वाटलं नाही. आमच्या घरीही तेच. नवं कापड आलं की कुंकवाचं बोट लावायचं, देवापुढं ठेवायचं आणि तसंच कोरं नेसायचं, धुणं नंतर. न घातलेलं कापड आधी पाण्यात बुडवणं अवलक्षण समजत. ते कापड पहिल्यांदा अंगाला लागणार होतं तेच मुळी पाण्यात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शर्यतीच्या सकाळी तलावावर इतका वारा होता, की बांधावर उभं राहिलं तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. मुलांची शर्यत होऊन गेली होती; ती मुलं शेकोटीभोवती दात वाजवत बसली होती. बघायला बरीच गर्दी, बहुतेक पुरुष. मल्लेशम बांधावर एका बाजूला सायकल धरून उभे होते. मफलर गुंडाळलेला, खाली कुणाकडं न बघता पाण्याकडं तोंड.

शर्यत भरवणाऱ्या समितीच्या चिटणिसांशी बाईंची एक चकमक आधीच झाली होती. पाण्यात जी नाव ठेवली होती तिच्यातल्या नावाड्यानं पाठमोरं बसावं, असा बाईंचा हट्ट.

"अहो बाई, नावाडी बघणारच नाही तर बुडणाऱ्याला काढणार कोण?"

बाईंनी विचार केला. "बरं. तोंड हिकडं करा. पण नुसती डोकी मोजायची."

आम्ही पाण्याच्या कडेला चादरींचा गोल धरला. पद्माच्या अंगाला बाईंनी तिळाचं तेल चोळलं, नवी जोडी घालून दिली, आणि चादरीत गुंडाळून तिला पाण्यापर्यंत नेलं. स्वतःही तिच्याबरोबर आत उतरल्या. पद्मा गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावरच त्यांनी चादर काढून घेतली आणि डोक्यावर उंच धरली. चार मुली होत्या. शिट्टी झाली आणि चार डोकी निघाली.

बाई पाण्यातच उभ्या राहिल्या, कमरेपर्यंत.

पद्मा सगळ्यांच्या पुढं निघाली. वळायच्या खुणेसाठी पाण्यात सोडलेल्या ड्रमला वळसा घालेपर्यंत पुढंच होती. वळल्यावर मात्र तिचे हात जड पडायला लागले. एक मुलगी तिच्यापुढं गेली, मग दुसरी.

"काय झालं गं तिला?" बाई पाण्यातून ओरडल्या. "यादी, बघ की! पोरगी काय ओढून आणल्यागत का करतीया?"

मला काठावरून दिसत होतं, पण कळत काही नव्हतं. ती बुडत नव्हती. नुसती हळू झाली होती, जशी एखादी गोणी पाठीवर घेऊन यावी तशी. शेवटचा टप्पा तर हातपाय मारते आहे आणि जागची हलत नाही असं वाटलं. नाव तिच्या जवळ सरकली. बाईंनी दोन्ही हातांनी नावेला 'लांब, लांब' अशी खूण केली, आणि स्वतः आणखी आत गेल्या, छातीपर्यंत. तिथंच त्यांनी पद्माला चादरीत घेतलं. काठावर आणलं, गोलात घातलं. पुढच्या दोन मुली तोवर सायकलवर बसल्या होत्या. त्यांनी ओल्यावरच कोरडं चढवलं होतं.

मी तोंड बाहेर करून चादर धरलेली. त्यामुळे पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं.

आधी बाईंचा आवाज, ठरल्याप्रमाणं. "डोकं. पूस. आधी डोकं." मग, "हात वर कर." मग, "वर कर म्हनते की!"

"होईना बाई." पद्माचे दात वाजत होते. "बाही आवळलीया."

"हे काय गिळगिळीत झालंय? शेंबडागत! आगं, खळ हाय ही. खळ सुटलीया." बाई स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मागावर ताणा चढवण्याआधी सुताला जी खळ देतात, ती कोऱ्या कापडातून निघाली नव्हती. पाण्यात ती फुगली होती, कापड दुप्पट जड झालं होतं, आणि आता आटत चाललं होतं. "नाडी सोड आधी. नाडी."

"आईनं निरगाठ मारलीया. सुटू नये म्हनून."

बाईंच्या नखांचा आवाज येत होता. मग दातांनी ओढल्याचा. वाऱ्याचा झोत आला आणि माझ्या हातातली चादर फुगून वर उचलली गेली. आम्ही चौघींनी एकदम तिच्या कडेवर पाय दिले. एक पिन तटकन तुटली. समोर गर्दीत कुणीतरी हसलं. "तंबू उडाला की रं!" असा एक आवाज आला.

चौथी मुलगीही कपडे चढवून सायकलवर बसून निघून गेली.

"बाई, तसंच वरून घालते," पद्मा रडवेली झाली होती.

"आन् रस्त्यावर सलवारीतनं सगळं दिसू दे? बाप वर उभा हाय." मग बाई मोठ्यानं ओरडल्या, "कात्री हाय का कुणाकडं? ब्लेड? काय बी!"

माझ्या पिशवीत टॉवेल, तेल, पूड, पिना, लिमलेटच्या गोळ्यासुद्धा होत्या. कात्री नव्हती. दुसऱ्या कुणाकडंही नव्हती. चिटणीस लांबून "काय झालं, काय झालं" करत पुढं यायला लागले, आणि बाई आतून कडाडल्या, "तितंच थांबा!"

मग माझ्यासमोर बांधाचा उतार उतरून मल्लेशम आले. सायकल वरच टाकली होती. माझ्या शेजारी, चादरीला लागून ते पाठ करून उभे राहिले, गर्दीकडं तोंड करून. म्हणजे आमच्यासारखेच. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सूत कापायची छोटी कात्री काढली. मागावर बसणाऱ्याच्या खिशात ती असतेच.

"काय कापायचंय?" त्यांनी विचारलं.

कोरं, कुंकू लावलेलं कापड पहिल्याच दिवशी मुलीच्या अंगावरून कापून काढायचं. हे अशुभ, हे मला सांगायला नको होतं, त्यांनाही नको होतं.

"तुमचं कापड," बाई म्हणाल्या.

"नाडी कापा की नुसती."

"नाडीनं भागत न्हाय, मल्लेशम. बाह्या आवळल्यात. पोरगी निळी पडलीया."

मल्लेशमचा चेहरा माझ्यापासून एवढ्या जवळ होता, की गालावरची नस उडताना दिसत होती. त्यांनी मागं वळून न बघता हात खांद्यावरून मागं नेला, चादरीच्या वर, कात्रीचा दांडा पुढं करून.

"कापा," म्हणाले. आणि मग मुलीला, त्यांच्या भाषेत, "पद्मा, कदलकु." हलू नकोस.

कात्री छोटी, कापड घट्ट. ती कुरतडत गेल्याचा आवाज मी अजून ऐकू शकते. मल्लेशम तिथून हलले नाहीत. वारा पुन्हा आला तेव्हा तुटलेल्या पिनेच्या जागी फडफडणारी चादरीची कड त्यांनी मागच्या मागं हात नेऊन धरली, आणि पाचवा कोपरा धरल्यासारखे उभे राहिले.

पद्मा बाहेर आली तेव्हा कोरडी ठणठणीत होती. कानटोपी, स्वेटर, मोजे, सगळं जागच्या जागी. ओठ तेवढे जांभळे. कुणाकडं न बघता तिनं सायकल घेतली आणि गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत बाई तिच्या पाठीकडं बघत होत्या. कुठं ओलीचा डाग फुटतो का, ते. फुटला नाही.

ती शेवटून पहिली निघाली होती. ओल्यावर कोरडं चढवून गेलेल्यांपैकी एक मुलगी गारठून वाटेतच सायकलवरून उतरली, आणि धावताना पद्माची गाठ कुणाशी पडलीच नाही. ती तिसरी आली. तिसरीला बक्षीस नव्हतं. बांधावरून ती शेवटचं धावत आली तेव्हा टाळ्या मात्र झाल्या, मघाशी हसले होते त्यांच्याही.

बाई टाळ्या वाजवायला थांबल्या नाहीत. कापलेल्या कापडाचा ओला बोळा हातात घेऊन त्या सरळ मल्लेशमसमोर गेल्या. मी मागं होते.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. पुस्तकी नाही, केमचीही नाही, मधलीच कुठली तरी भाषा होती. "कोरं कापड पाण्यात घालू द्यायला नको होतं. नवीन काही घालायचं नाही हा नियम माझाच, आणि मोडला मीच. माझ्या शब्दावर तुम्ही मुलगी पाठवलीत. आता काय ते तुम्ही सांगा. शाळा बंद म्हणालात तर मी ऐकेन."

मल्लेशमनी बोळा घेतला. कापड दोन बोटांत चोळलं. बोटांना चिकटलेली खळ बघितली. पद्मा थोड्या अंतरावर सायकलचा हॅन्डल धरून उभी होती, धाप लागलेली, आणि तरी श्वास रोखून धरल्यासारखी.

"खळीतच जन्म गेला माझा," मल्लेशम म्हणाले. "मला कळत न्हवतं व्हय, पान्यात काय हुनार ते? पन नवं कापड धुऊन कोन घालतंय?"

"मी बी न्हाय घालत," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मल्लेशमनी कापड पिळलं, झटकलं, घडी घातली. कापलेल्या कडा आत जातील अशी. मग ती घडी सायकलच्या कॅरियरला लावता लावता, बाईंकडं न बघता म्हणाले,

"पुढल्या साली मी धुऊन देतो."

ते पद्माला डबलसीट घेऊन निघाले. बांधावरून दिसेनासे होईपर्यंत बाई तिथंच उभ्या होत्या.

मी त्या उन्हाळ्यात लग्न होऊन लातूरला गेले. बाई पुढं निवृत्त होऊन केमला गेल्या असं कळलं. भेट झाली नाही. शाळेतल्या बाकीच्या दिवसांत त्या रोज दिसतच होत्या, पण माझ्याजवळ त्यांचं म्हणून जे राहिलंय, ते त्याच सकाळचं आहे.

पद्मा वडिलांबरोबर गेल्यावर मी बाईंकडं नीट बघितलं. नऊवारी छातीपर्यंत भिजलेली, कासोट्यातून अजून पाणी ठिबकतंय, ओठ पांढरे. सगळ्यांच्या कोरड्या कपड्यांची सोय आम्ही केली होती. त्यांचे कपडे कुणीच आणले नव्हते, त्यांनी स्वतःसुद्धा. मी टॉवेल घेऊन धावले.

"ठेव गं ते. तो चिटणीस निघून जाईल," म्हणून त्या शेकोटीकडं चालत सुटल्या.

वाऱ्यामुळं मला शब्द ऐकू येत नव्हते. चिटणिसांनी शेकोटीजवळची खुर्ची पुढं केली. बाई बसल्या नाहीत. एका हातानं पदर पिळत दुसऱ्या हातानं त्या काठाकडं दाखवत होत्या. चिटणीस मान हलवत होते, घड्याळ बघत होते. मग बाई वाकल्या. त्यांनी एक दगड उचलला आणि ओल्या साडीनिशी मागं मागं सरकत जमिनीवर रेघ ओढायला लागल्या. एक भिंत, दुसरी भिंत, मध्ये दाराची जागा सोडून तिसरी. पुढच्या वर्षी मुलींचा तंबू कुठं आणि केवढा पाहिजे, ते. रेघांच्या बाजूनं त्यांच्या साडीचं पाणी ठिबकत होतं. चौथी भिंत ओढताना त्या थांबल्या, कारण चिटणीस नेमके आत उभे होते. बाईंनी दगडानंच खूण केली. चिटणिसांनी खाली पायांकडं बघितलं, आणि दाराच्या जागेतून बाहेर आले.